मुष्टियोद्ध्याचा संयम

मुष्टियुद्धाचा विषय निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित कुटुंबांत दोनच प्रकारचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हा शुद्ध रानटीपणा आहे. दोन माणसांनीं पैशासाठीं एकमेकांचीं तोंडें फोडावीं आणि हजारोंनीं तें तिकीट काढून पाहावें, यांत विचार करण्यासारखें आहे काय? दुसरा पक्ष बहुधा तरुणांचा. तो म्हणतो, या खेळाइतकी कडक शिस्त, इतका आहारविहाराचा नेम, इतकें धैर्य दुसऱ्या फार थोड्या व्यवसायांत लागतें; मग त्याला रानटी कसें म्हणावें? आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं प्रश्नाला हात घालण्याच्या आधींच तो सोडून दिला आहे. पहिल्याला शिस्त दिसत नाहीं. दुसऱ्याला ती शिस्त कोणत्या कामीं खर्च होते तें दिसत नाहीं. संयम, नियम, सहनशीलता यांना आपण सद्गुण म्हणतों, ते त्यांच्या स्वतःच्या मोलामुळें, कीं ज्या कार्यासाठीं ते राबविले जातात त्या कार्याच्या मोलामुळें? आणि संयम जर दुसऱ्याच्या हुकमावरून पाळलेला असेल, तर तो कोणाच्या नांवावर जमा करावयाचा: पाळणाऱ्याच्या, कीं हुकूम देणाऱ्याच्या?

असले प्रश्न हवेंत सोडविण्यापेक्षां एखाद्या माणसाच्या चरित्रावर घासून पाहणें बरें. त्यासाठीं आम्ही जो लुई या अमेरिकन मुष्टियोद्ध्याची निवड करतों. निवडीचें कारण केवळ त्याची कीर्ति हें नव्हे. क्रूर मनुष्य क्रूर धंद्यांत शिरला तर नीतिशास्त्राला त्यांत कोडें असें कांहींच उरत नाहीं. कोडें पडतें तें सालस मनुष्य त्यांत शिरला म्हणजे. आणि लुई हा शांत, मितभाषी व हाताचा सढळ होता, हें त्याच्याशीं झुंजलेल्या माणसांनींहि मान्य केलेलें आहे.

१३ मे १९१४ रोजीं अलाबामा राज्यांतील एका गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांत तो जन्मला. १९२६ सालीं तें कुटुंब पोट भरण्यासाठीं उत्तरेकडे, मोटारींच्या कारखान्यांनीं गजबजलेल्या डेट्रॉइट शहरीं आलें. आईनें व्हायोलिनच्या शिकवणीसाठीं मुलाच्या हातावर पैसे ठेवावे आणि मुलानें ते व्यायामशाळेच्या वर्गणींत घालवावे, असें कांहीं काळ चाललें. १९३२ सालीं हौशी गटांतील आपल्या पहिल्याच झुंजींत तो सात वेळां जमिनीवर आपटला. तथापि दोन वर्षांच्या आंत तो हौशी मुष्टियोद्ध्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत पहिला आला, आणि ४ जुलै १९३४ रोजीं शिकागो येथें जॅक क्रॅकेन नांवाच्या गृहस्थाला पहिल्याच फेरींत खालीं पाडून तो धंदेवाईक झाला. या क्रॅकेनचें नांव आज जें कोणाला ठाऊक आहे तें एवढ्यामुळेंच, कीं तो त्या दिवशीं पडला. धंद्यांत वर चढणाऱ्या मुष्टियोद्ध्याची शिडी माणसांची केलेली असते. प्रत्येक पायरी एकेका माणसाची. आणि कोणती पायरी किती उंचीची हवी, हें ठरविणारे लोक शिडीवर कधींच चढत नाहींत.

लुईचा वस्ताद जॅक ब्लॅकबर्न. वस्ताद हा शब्द आमच्या आखाड्यांतला असला तरी येथें तोच चपखल बसतो. हा ब्लॅकबर्न स्वतः एके काळचा हलक्या वजनाचा नामांकित मुष्टियोद्धा होता आणि मनुष्यवधाच्या गुन्ह्याखालीं त्यानें कारावासहि भोगला होता. स्वतः कृष्णवर्णीय असूनहि कृष्णवर्णीय हेवीवेट पोराला शिकविण्यास तो आरंभीं राजी नव्हता. गोऱ्या जगांत अशा पोराला अजिंक्यपदाच्या जवळ कोणी फिरकूं देणार नाहीं, हा त्याचा व्यवहारी हिशेब होता. पण एकदां हातीं घेतल्यावर त्यानें त्या शरीराची अक्षरशः फेररचना केली. पहाटे उठून मैलोगणती धावणें, दोरीवरच्या उड्या, टांगलेल्या जड पिशवीवर घाव, डोक्याच्या उंचीवरील लहान पिशवीवर हाताची चपळाई, प्रतिस्पर्धी समोर आहे असें कल्पून रिकाम्या हवेशीं झुंज, आणि शेवटीं सरावाच्या जोडीदारांशीं खऱ्या फेऱ्या. हें सारें तीन मिनिटें काम व एक मिनिट विश्रांति या घड्याळाच्या मापानें करावयाचें, कारण सामन्यांतील फेरीचें माप तेंच. कष्टाचा हा भाग सर्वच मुष्टियोद्ध्यांना चुकत नाहीं. ब्लॅकबर्नची खरी विद्या पायांत होती. पोराच्या हातांत जोर उपजतच होता, पण तो जोर नुसत्या बाहूंतून निघत असे व त्या भरांत त्याचा तोल जात असे. पाय जमिनीवर घट्ट ठेवून कमरेच्या झोकानें सबंध शरीराचें वजन मुठीपर्यंत कसें न्यावें, मूठ लांबून न आणतां अवघ्या कांहीं इंचांवरून कशी सोडावी, एक ठोसा बसला कीं दुसरा-तिसरा त्याच्याच पोटांतून कसा निघावा, आणि उड्या न मारतां पाय सरकवीत प्रतिस्पर्ध्याची जागा कशी कमी करीत न्यावी, हें त्यानें महिनोगणती घोटवून घेतलें. पुढें लुईचें जें वैशिष्ट्य म्हणून गाजलें, तें हेंच: आंखूड ठोसा आणि घाई नसलेलें पाऊल.

या शिक्षणांत आम्हांस विशेष मननीय वाटते ती रागाची हकालपट्टी. सामान्य माणूस रागावल्याशिवाय दुसऱ्यावर हात उगारीत नाहीं. राग हीच त्याच्या हिंसेची सबब, आणि राग ओसरला कीं त्याचा पश्चात्तापहि तेथेंच सुरू होतो. मुष्टियोद्ध्याला ही सबब उपलब्ध नाहीं. रागावलेल्याचा ठोसा लांबून येतो, त्याची हनुवटी उघडी पडते, त्याचा श्वास तिसऱ्या फेरींतच संपतो. म्हणून वस्ताद पहिल्यानें राग काढून टाकतो, मग भीति काढतो, आणि शेवटीं उरते ती निर्विकार, हिशेबी, तयार अशी इच्छाशक्ति. गंमत अशी, कीं काम-क्रोध जिंकण्याचा उपदेश आपल्याकडील प्रत्येक संतानें केला. पण क्रोध जिंकल्यावर मनुष्य मारील कोणाला, असा प्रश्न त्यांपैकीं कोणाला पडण्याचें कारण नव्हतें. येथें तो पडतो. क्रोधावांचून मारणें हें क्रोधानें मारण्यापेक्षां अधिक सात्त्विक कीं अधिक भयंकर? आम्हांस वाटतें, मारणाऱ्याच्या अंतःकरणापुरतें तें सात्त्विक आहे. मार खाणाऱ्याच्या डोक्याला या भेदाचा कांहीं एक उपयोग नाहीं.

डोक्याचा उल्लेख आम्हीं हेतुपुरस्सर केला. आमच्या कुस्तींतहि अपघात होतात, हातपाय मोडतात. परंतु कुस्तीचें साध्य प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणें हें आहे. पाठ लागली, कुस्ती संपली. चीत झालेला मल्ल उठून अंगावरची माती झटकतो. मुष्टियुद्धाचें सर्वोच्च साध्य प्रतिस्पर्ध्याचें भान घालविणें हें आहे. पंच दहा आंकडे मोजतो ते तेवढ्यासाठींच. १८६७ सालीं क्वीन्सबेरीच्या मार्क्विसच्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं हातमोजे आले, आणि हा खेळ सौम्य झाला असें पुष्कळांना वाटलें. वस्तुतः मोजा प्रथम संरक्षण करतो तें मारणाऱ्याच्या बोटांचें. उघड्या मुठीनें कवटीवर जोरानें मारलें तर मूठ मोडते, म्हणून जुने लोक डोक्यावर जपून मारीत. मोज्यानें ती काळजी मिटविली. १९२८ सालीं हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन रोगविकृतितज्ज्ञानें दीर्घकाळ झुंजलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचें व मंदावलेल्या बुद्धीचें वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. म्हणजे लुई धंद्यांत शिरला त्याच्या सहा वर्षें आधीं हें ज्ञान जगाला झालें होतें. मृत्यूहि दूर नव्हता. १९३० सालीं मॅक्स बेअरशीं झुंजून फ्रँकी कॅम्पबेल मेला; १९३३ च्या फेब्रुवारींत प्रिमो कार्नेराशीं झुंजून एर्नी शाफ मेला. लुईनें १९३५ सालीं ज्या दोन माजी विजेत्यांना हरवून नांव कमावलें ते हेच दोघे, कार्नेरा व बेअर. कार्नेराचें वजन लुईहून साठ पाउंडांनीं अधिक होतें. वजनाला वरची मर्यादा नसलेला हा एकच गट, आणि लोकांची सर्वांत अधिक गर्दी जमते तीहि याच गटाभोंवतीं.

यावर एक नेहमींचें उत्तर असें, कीं दोघेहि राजीखुषीनें रिंगणांत उतरतात. खाणींत उतरणारा मजूर, समुद्रांत बुडी मारणारा पाणबुड्या हेहि जीव धोक्यांत घालतात; त्यांना कोणी पापी म्हणत नाहीं. या उत्तरांत बळ आहे, पण तें अर्ध्या वाटेवर संपतें. खाणींतील इजा हा अपघात आहे. ती टळली तर मालक, मजूर व कोळसा जाळणारा असे सर्वच संतुष्ट. रिंगणांतील इजा टळली तर तिकीट काढलेला प्रेक्षक पैसे परत मागतो. शिवाय राजीखुषी म्हणजे काय, हेंहि थोडें खोलांत पाहिलें पाहिजे. मंदीच्या दिवसांत डेट्रॉइटच्या कारखान्यांतून कामगारांना हजारोंनीं घरीं पाठविलें जात होतें, लुईचें कुटुंबहि सरकारी मदतीवर आलें होतें. अशा घरांतील वीस वर्षांच्या मुलापुढें निवडीसाठीं जे मार्ग होते, ते एका हाताच्या बोटांवर मोजतांहि बोटें उरलीं असतीं. आमच्या मतें संमतीनें एकच गोष्ट साधते: समोरच्या खेळाडूला दोषमुक्त करणें. बेअरला किंवा कार्नेराला आम्ही खुनी म्हणणार नाहीं. पण जो तिकीट काढून बसला त्यानें कोणाची संमति घेतली, आणि कोणती जोखीम पत्करली?

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. आम्हांस स्वतःला हाच अधिक अवघड वाटतो. लुईच्या आधीं एकच कृष्णवर्णीय हेवीवेटचा जगज्जेता झाला होता. जॅक जॉन्सन यानें १९०८ सालीं सिडनी येथें तें पद जिंकलें, आणि १९१० च्या ४ जुलैस रिनो येथें गोऱ्यांचा आशास्थान जेफ्रीज याला हरविलें, तेव्हां अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगे होऊन माणसें मेलीं. जॉन्सन हा जिंकतांना हंसे, पडलेल्याची थट्टा करी, गोऱ्या स्त्रियांशीं उघडपणें विवाह करी. १९१३ सालीं त्याला एका कायद्याखालीं दोषी ठरविण्यांत आलें. तो अन्याय होता अशी कबुली अमेरिकेच्या अध्यक्षांनीं मरणोत्तर क्षमा देऊन दिली, ती २०१८ सालीं. १९१५ सालीं त्याचें पद गेल्यावर बावीस वर्षें एकाहि कृष्णवर्णीयाला त्या पदासाठीं झुंजूं दिलें गेलें नाहीं. म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनीं, जॉन रॉक्सबरो व जूलियन ब्लॅक यांनीं, त्याला वागणुकीचे कांहीं नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढावयाचें नाहीं. रात्रीच्या क्लबांत एकट्यानें जावयाचें नाहीं. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढें आनंद दाखवावयाचा नाहीं. छायाचित्रकारांसमोर चेहरा कोरा ठेवावयाचा. ठरवून झुंज हरावयाची वा जिंकावयाची नाहीं. हे व्यवस्थापक दोघेहि कृष्णवर्णीयच होते, आणि रॉक्सबरोची कमाई आंकड्यांच्या बेकायदेशीर जुगारांतली होती. म्हणजे ज्याच्या सालसपणाचें वर्तमानपत्रें गुणगान करीत, त्याच्या सालसपणाचा मसुदा एका जुगारवाल्याच्या कचेरींत तयार झाला होता!

यावरून कोणी म्हणेल, कीं मग तो सालसपणा नव्हेच, ती नुसती जाहिरात. असा निकाल देणें सोपें आहे. पण तो आम्हांस मान्य नाहीं. आपल्यापैकीं कोणाचें सौजन्य उपजत आहे? वडील माणसांपुढें पाय पसरूं नये, पाहुणा जेवल्याशिवाय पानावर बसूं नये, हें आपल्याला दरडावूनच शिकविलें गेलें, आणि पुढें तें अंगवळणी पडून आपलें झालें. सद्गुणाचा जन्म आज्ञेंत झाला म्हणून तो खोटा ठरत नाहीं. फरक आहे तो दुसरीकडे. आई मुलाला नम्रता शिकविते ती मुलाच्या हितासाठीं. तिच्या नम्रतेच्या धड्यांत खिडकीवरील तिकिटांचा हिशेब नसतो. लुईला शिकविलेल्या नम्रतेंत तो होता. त्याहून कठीण गोष्ट ही, कीं जॉन्सननें जें केलें तें करण्याचा प्रत्येक गोऱ्या मुष्टियोद्ध्याला हक्क होता. हंसण्याचा, बढाया मारण्याचा, वाटेल तिच्याशीं विवाह करण्याचा हक्क ज्याला नाकारला आहे, त्याच्या मौनाला नम्रता म्हणावें कीं तुरुंग म्हणावें? आमचें उत्तर असें, कीं तो नियम तुरुंगच होता, आणि त्या तुरुंगांत राहूनहि लुईजवळ त्याच्या स्वतःची अशी नम्रता होती. या दोन गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. पुरावा पाहिजे तर नियमावलींत नसलेल्या कृत्यांकडे पाहावें. हातीं पैसा आल्यावर कुटुंबानें घेतलेली सरकारी मदत त्यानें परत फेडली. तसें कर असा हुकूम कोणत्याहि व्यवस्थापकाच्या मसुद्यांत नव्हता.

शिस्तीचा दुसरा दोषहि त्याच्याच चरित्रांत दिसतो. १९३६ सालीं जर्मन मुष्टियोद्धा मॅक्स श्मेलिंग याच्याशीं सामना ठरला, तेव्हां लुई लेकवुड येथें तयारी करण्याऐवजीं गोल्फ खेळण्यांत रमला. इकडे श्मेलिंगनें त्याच्या झुंजींचे चित्रपट बारकाईनें पाहून हेरलें, कीं डावा ठोसा मारून झाल्यावर लुईचा डावा हात किंचित् खालीं येतो. तेवढ्या फटींतून उजवे ठोसे घालीत १९ जूनच्या रात्रीं बाराव्या फेरींत त्यानें लुईला आडवा केला. बाहेरून घातलेला नेम यशाच्या पहिल्या उन्हांत असाच सैल होतो. पुढील वर्षीं, २२ जून १९३७ रोजीं, जेम्स ब्रॅडकला हरवून लुई जगज्जेता झाला खरा. पण श्मेलिंगला हरवीपर्यंत आपणांस जगज्जेता म्हणूं नये, असें तो म्हणत राहिला. त्या वर्षभरांतील त्याची तयारी कोणाच्या दरडावण्याची नव्हती, आणि ती शिस्त पूर्णपणें त्याच्या नांवावर जमा करण्यास आमची हरकत नाहीं.

२२ जून १९३८ ची ती दुसरी झुंज १२४ सेकंदांत संपली. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें सत्तर हजारांच्या आसपास लोक होते. श्मेलिंगच्या पाठीच्या कण्याला इजा झाली व त्याला रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या रात्रीं हार्लेमच्या रस्त्यांवर जो आनंद उसळला, त्याला आम्ही दोष देऊं शकत नाहीं. ज्यांना बसगाडींत शेजारीं बसण्याचा अधिकार नव्हता, त्यांतल्या एकानें सर्व जगासमोर एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली होती. ज्या देशानें मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनीं १९११ सालीं गोऱ्या पलटणीला हरविल्याचा अभिमान बाळगला, त्या देशांतील माणसाला तरी तो आनंद समजावा. परंतु पडलेला मनुष्य कोण होता, हेंहि पाहिलें पाहिजे. हिटलरच्या सत्तेनें श्मेलिंगला आपला नमुना म्हणून मिरविलें. वस्तुतः तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, त्याचा अमेरिकेंतील व्यवस्थापक ज्यू होता, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बर्लिनमध्यें ज्यूंवर हल्ले झाले तेव्हां त्यानें दोन ज्यू मुलांना आपल्या खोलींत लपविलें. एका माणसाच्या कण्यावर जगानें नाझीवाद लादला, दुसऱ्याच्या मुठीवर लोकशाही. आणि ती लोकशाही आपल्या त्याच योद्ध्याला चार वर्षांनीं काळ्यांच्या वेगळ्या पलटणींत भरती करणार होती.

१९४२ सालीं लुईनें दोन झुंजींचें उत्पन्न आरमाराच्या व सैन्याच्या मदतनिधींस दिलें. प्राप्तीवरील कर मात्र सुटला नाहीं, आणि पुढें त्या देण्याचा डोंगर होत गेला. पंचवीस वेळां राखलेलें पद १९४९ सालीं सोडून तो निवृत्त झाला होता. कराच्या ओझ्यानें त्याला परत आणलें. १९५० सालीं एझर्ड चार्ल्सकडून तो हरला. त्यानंतर कुस्तीचे दिखाऊ सामने, शेवटीं लास व्हेगास येथील एका जुगारगृहांत येणाऱ्याजाणाऱ्यांशीं हस्तांदोलन करण्याची नोकरी. १९७० सालीं तो कांहीं काळ मनोरुग्णालयांतहि होता. त्याचें कारण केवळ ठोशांत शोधणें घाईचें होईल. १२ एप्रिल १९८१ रोजीं तो वारला. त्याच्या उत्तरक्रियेच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत श्मेलिंग होता.

पण त्याच्या शेवटच्या झुंजीकडे आम्हांस पुनः वळावेंसें वाटतें. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं न्यूयॉर्क येथें तो सदतिसाव्या वर्षीं एका अठ्ठावीस वर्षांच्या चढत्या मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहिला. रॉकी मार्सियानो हा गरीब इटालियन मोच्याचा मुलगा, आणि लुई हें त्याचें लहानपणापासूनचें दैवत. आठव्या फेरींत लुई दोरांमधून रिंगणाबाहेर पडला. सतरा वर्षांपूर्वीं क्रॅकेन ज्या शिडीची पायरी झाला होता, तिच्यावर आतां लुईचा नंबर लागला होता. झुंज संपल्यावर मार्सियानो लुईच्या खोलींत गेला आणि रडला. त्या रडण्यांत सहानुभूति होती, कीं आपणहि कोणत्या ठिकाणीं पोचणार आहों याची चाहूल होती, हें त्यानें कोणाला सांगितलें नाहीं. पुढें अकरा महिन्यांनीं, सप्टेंबर १९५२ मध्यें, जगज्जेतेपद त्याला मिळालें.